‘जुनी’ मोटार : जपानी मोटारींची आयात, त्यांचे ‘पासिंग’ आणि कायद्यातील एका शब्दाचा इतिहास

१. विषयप्रवेश

यवतमाळ जिल्ह्यात मोटारीचा व्यवहार करताना ‘गाडी कोणत्या पासिंगची?’ हा प्रश्न प्रथम विचारला जातो. ‘एम. एच. २९’ असे उत्तर आले, म्हणजे ती याच जिल्ह्यात नोंदलेली असे समजून बोलणे पुढे सरकते. ‘पासिंग’ हा शब्द इंग्रजीतून आलेला खरा, परंतु या अर्थाने तो इंग्रजीत नाही. तो अर्थ आपल्या लोकव्यवहाराने त्याला दिला आहे. मोटार एका परीक्षेस बसली, उत्तीर्ण झाली आणि तिला क्रमांक मिळाला, अशी त्यामागील कल्पना आहे. कायद्याच्या परिभाषेत मात्र ही एक परीक्षा नाही. परदेशातून आलेल्या मोटारीच्या बाबतीत तर बंदरातील सुटका, यंत्राची तपासणी आणि परिवहन कार्यालयातील नोंदणी या तीन स्वतंत्र क्रिया आहेत. त्यांचे कायदे भिन्न आहेत, अधिकारी भिन्न आहेत आणि प्रत्येकीची भाषाही भिन्न आहे.

अलीकडे तरुण वर्गात जपानी स्पोर्ट्‌स मोटारींविषयी मोठे आकर्षण आढळते. निस्सान स्कायलाइन जी. टी. आर., टोयोटा सुप्रा, माझदा आर. एक्स. ७ या मोटारी जपानात वापरलेल्या स्थितीत विकावयास निघतात, त्या उजव्या चक्राच्या आहेत आणि जपानातही वाहतूक आपल्यासारखी डाव्या बाजूने चालते. तेव्हा त्यांतील एखादी विकत घेऊन यवतमाळास आणावी आणि रीतसर नोंदवावी, यात अडचण कोणती, असा प्रश्न सहज उपस्थित होतो. हा प्रश्न यंत्रशास्त्राचा वाटतो. वस्तुतः तो इतिहासाचा आहे. भारतीय कायद्यात ‘जुनी’ मोटार या कल्पनेमागे तीन निरनिराळ्या काळांतील तीन निरनिराळ्या चिंता उभ्या आहेत, आणि त्या तिन्ही आज ‘तीन वर्षे’ या एका आकड्यात एकवटल्या आहेत, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. या इतिहासाचे अज्ञान केवळ शास्त्रीय उणीव ठरत नाही. त्यामुळे खरेदीदाराची संपूर्ण रक्कम बुडू शकते, हेही ओघाने स्पष्ट होईल.

२. वऱ्हाड, कापूस आणि जपान

जपानी मोटार ही वऱ्हाडाला सर्वस्वी परकी वस्तू आहे, असे मानण्याचे कारण नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हिंदी कापसाच्या मोठ्या गिऱ्हाइकांत जपानी गिरण्यांची गणना होत असे. आखूड धाग्याचा जो कापूस त्या घेत, त्यातील एक प्रकार जागतिक बाजारात ‘ऊमरा’ या नावाने ओळखला जाई. हे नाव उमरावतीवरून, म्हणजे आजच्या अमरावतीवरून पडले. मुर्तिजापूर-यवतमाळ हा अरुंद मापाचा लोहमार्ग, जो पुढे ‘शकुंतला’ या नावाने लोकप्रिय झाला, तोही कापसाच्या वाहतुकीसाठीच घातला गेला होता.

या कापूसव्यवहाराची राजकीय बाजूही लक्षणीय आहे. १९३३ साली हिंदुस्थान सरकारने जपानी कापडावरील जकात वाढविताच जपानी गिरण्यांनी हिंदी कापसावर बहिष्कार घातला. १९३४ च्या करारान्वये तडजोड झाली. जपानने हिंदी कापसाच्या १५ लाख गासड्या घेतल्यास त्याला जास्तीत जास्त ४० कोटी वार कापड हिंदुस्थानात पाठविता यावे, असे त्यात ठरले. आयातीवर बंधन आणि त्याच्या मोबदल्यात निर्यात, हे सूत्र वऱ्हाडातील शेतकऱ्यास अशा रीतीने मोटारीच्या किती तरी आधी परिचित झाले होते.

पुढचा दुवा याहून लक्षणीय आहे. कापूस विणणारे यंत्र आणि मोटार यांचे जपानात घराणे एकच आहे. टोयोटा कंपनीचा उगम १९२६ साली स्थापन झालेल्या तोयोदा स्वयंचलित मागांच्या कारखान्यात आहे; त्या कारखान्याने १९३३ साली मोटारविभाग उघडला. त्यापूर्वी १९२९ साली त्याने आपल्या मागाचे हक्क ओल्डहॅम येथील प्लॅट ब्रदर्स या इंग्रज कंपनीस विकले होते. सुझुकीचा आरंभही १९०९ साली मागांच्याच कारखान्याने झाला. पुढे १९८२ साली याच सुझुकीशी भारत सरकारने मारुतीसाठी करार केला.

३. नदीच्या दोन तीरांवरील कायदा

वस्तूंप्रमाणे कायदाही आयात होतो, याचे वऱ्हाडाइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या स्वाधीन केले आणि १९०२ साली ते कायमच्या पट्ट्याने दिले. पूर्वीचा ‘वणी’ जिल्हा १९०५ साली ‘यवतमाळ’ या नावाने ओळखला जाऊ लागला. प्रशासन इंग्रजी असले, तरी सार्वभौमत्व नावापुरते निजामाचे होते. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानात संमत झालेला कायदा येथे आपोआप अमलात येत नसे. तो अधिसूचनेने स्वतंत्रपणे लागू करावा लागे. अशा अनेक कायद्यांची व्यवस्था लावण्यासाठी १९४१ साली ‘बेरार लॉज ॲक्ट’ हा स्वतंत्र कायदा करावा लागला. आपण आज ‘कायदा लागू आहे’ असे सहज म्हणतो. त्यातील ‘लागू’ या शब्दाला वऱ्हाडात एके काळी असा अक्षरशः अर्थ होता.

जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवर पैनगंगा आहे आणि तिच्या पलीकडे प्रत्यक्ष निजामाचे राज्य होते. तेथील जकातखात्यास ‘करोडगिरी’ म्हणत. अशा प्रकारे सीमेवरील कराला या प्रदेशातील मराठीत तीन थरांचे शब्द आढळतात. ‘करोडगिरी’ हा हैदराबादच्या राजवटीचा, ‘जकात’ हा मूळचा अरबी परंतु मराठीत पूर्णपणे मुरलेला, आणि ‘सीमाशुल्क’ हा स्वातंत्र्योत्तर काळातील संस्कृत घडणीचा. मध्यप्रांत व वऱ्हाड यांच्या शासनासाठी डॉ. रघुवीर यांनी नागपुरास राहून पारिभाषिक शब्दांचा जो मोठा उद्योग केला, आणि पुढे महाराष्ट्र शासनाने १९६० साली स्थापन केलेल्या भाषा संचालनालयाने जे काम केले, त्यांमुळे शासकीय मराठीत संस्कृत थर जाड झाला. परंतु व्यापाऱ्याच्या तोंडी माल आजही बंदरातून ‘सोडवला’ जातो. या क्रियापदात माल कोणाच्या तरी ताब्यात अडकलेला आहे, ही मूळ जाणीव शिल्लक आहे आणि ती कायद्याच्या दृष्टीने अचूक आहे.

मोटारविषयक कायदा हिंदुस्थानात १९१४ साली झाला आणि त्याची जागा १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने घेतली. या दोन्ही कायद्यांतील नोंदणीची कल्पना रस्त्यावरील सुरक्षिततेशी निगडित आहे. मोटार कोणाची, तिचा क्रमांक कोणता, ती चालविण्यास योग्य आहे काय, हे त्यांतील प्रमुख प्रश्न होते. ती परदेशी आहे काय, हा प्रश्न त्यांत महत्त्वाचा नव्हता, कारण त्या काळी मोटार म्हटली की ती परदेशीच असे. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत जुळणीचा कारखाना काढला, तरी त्यातील भाग बाहेरूनच येत. त्यामुळे ‘आयात केलेली मोटार’ असा स्वतंत्र वर्ग नोंदणीच्या कायद्यात निर्माण होण्याचे कारणच नव्हते. जिचे वेगळेपण जाणवत नाही, तिला भाषाही वेगळे नाव देत नाही.

४. पहिली चिंता : परकीय चलन. दुसरी चिंता : देशी उद्योग

हे वेगळेपण प्रथम जाणवले ते युद्धकाळात. १९४० साली भारत संरक्षण नियमांखाली आयातनियंत्रण सुरू झाले आणि १९४७ च्या आयात-निर्यात (नियंत्रण) कायद्याने ते शांततेच्या काळातही चालू राहिले. येथे मोटारीकडे पाहण्याची दृष्टी पालटली. ती रस्त्यावर धोकादायक आहे की नाही, यापेक्षा तिच्यासाठी किती परकीय चलन बाहेर जाते, हा प्रश्न पुढे आला. १९५७-५८ च्या चलनटंचाईनंतर ही दृष्टी अधिकच कठोर झाली.

याच सुमारास दुसरी चिंता उदयास आली. १९५३ साली टॅरिफ कमिशनने मोटारउद्योगाविषयी अहवाल दिला. ज्यांच्यापाशी मोटार येथे बनविण्याचा कार्यक्रम आहे त्यांनाच या क्षेत्रात राहू द्यावे, केवळ जुळणी करणाऱ्यांना नव्हे, असे धोरण त्यातून ठरले. जनरल मोटर्स व फोर्ड यांनी आपली जुळणीची केंद्रे बंद केली. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर आणि कलकत्त्याची हिंदुस्थान मोटर्स या कंपन्यांना संरक्षित बाजार लाभला.

या दोन्ही चिंतांच्या काळात ‘जुनी’ मोटार हा तिरस्काराचा विषय नव्हता, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावी. उलट, सामान्य नागरिकाला परदेशी मोटार मिळण्याचा जो थोडा मार्ग उरला होता तो जुन्या मोटारीचाच होता. परदेशी वकिलातींच्या मोटारी त्यांचा वापर संपल्यावर स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात. हे महामंडळ १९५६ साली स्थापन झाले होते. परदेशातील वास्तव्य संपवून कायमचे परतणारे लोक आपली मोटार सामानाबरोबर आणू शकत. अशी गाडी ‘इंपोर्टेड’ म्हणून मिरविली जाई, आणि ती किती जुनी आहे हे कोणी विचारीत नसे. ‘इंपोर्टेड’ हे विशेषण मराठीत केवळ उगम न सांगता प्रतिष्ठा सांगू लागले, ते या काळात.

जपानी मोटार या संरक्षित बाजारात शिरली ती जुनी म्हणून नव्हे, तर भागीदार म्हणून. १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० ची पहिली मोटार ग्राहकाच्या स्वाधीन करण्यात आली. त्याच दशकात टोयोटा, माझदा, मित्सुबिशी व निस्सान यांनी भारतीय कंपन्यांच्या सहकार्याने हलक्या मालमोटारी काढल्या. स्पोर्ट्‌स मोटारीला मात्र या भागीदारीत स्थान नव्हते.

५. तिसरी चिंता : भंगार

तिसऱ्या चिंतेचा जन्म नेमका सांगता येतो. परकीय चलनाच्या अडचणीचे कारण देऊन भारताने आयातीवर जी संख्यात्मक बंधने ठेवली होती, त्यांविरुद्ध अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेकडे १९९७ साली तक्रार नेली. १९९९ साली निकाल भारताविरुद्ध गेला. त्यानंतर दोन टप्प्यांत बंधने उठविण्यात आली. १ एप्रिल २००१ पासून अमलात आलेल्या दुसऱ्या टप्प्यात ७१५ वस्तू होत्या आणि त्यांत मोटारींचाही समावेश होता. परवान्याची भिंत अशा प्रकारे पडली. ती पडताच, जगभरची टाकाऊ वाहने भारतात येऊन पडतील, अशी भीती उद्योगवर्तुळांतून आणि वृत्तपत्रांतून व्यक्त होऊ लागली. या भीतीला उत्तर म्हणून आयात-निर्यात धोरणात ८७ व्या प्रकरणाच्या अटी आल्या.

त्या अटींचा आशय असा : वापरलेली मोटार उत्पादनाच्या दिनांकापासून तीन वर्षांहून अधिक जुनी नसावी. तिचे चक्र उजवीकडे असावे, वेगमापक किलोमीटरमध्ये असावा आणि पुढील दिव्यांचा झोत डाव्या बाजूच्या वाहतुकीस अनुरूप असावा. आयातीनंतर किमान पाच वर्षे ती रस्त्यावर चालण्यास योग्य राहील, असे प्रतिज्ञापन अधिकृत चाचणीसंस्थेच्या प्रमाणपत्रासह द्यावे आणि त्या मुदतीत दुरुस्तीची सोय उपलब्ध राहील याची हमी द्यावी. आयात केवळ मुंबई बंदरातून व्हावी. मोटार वाहन कायदा, १९८८ आणि त्याखालील नियम तिला लागू राहावेत. चाचणीसाठी पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आणि मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्र या संस्था नेमलेल्या आहेत.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने येथील खरी गोष्ट ‘वापरलेली’ या शब्दाच्या व्याख्येत आहे. आयातीपूर्वी जी मोटार विकली गेली, भाड्याने वा उसनी दिली गेली, किंवा कोणत्याही देशात वापरासाठी नोंदली गेली, ती कायद्याच्या दृष्टीने वापरलेली. ती प्रत्यक्षात एक किलोमीटरही चालली नसली, तरी व्याख्येत फरक पडत नाही. म्हणजे ‘वापर’ हा येथे यंत्राचा गुण नसून कागदावरील घटना आहे. वय मात्र उत्पादनाच्या दिवसापासून मोजले जाते. ते यंत्राचे आहे. मराठीतील ‘जुनी’ या एका शब्दात वय आणि वापर ही दोन्ही मिसळलेली असतात, आणि ‘सेकंडहँड’ या रुळलेल्या शब्दात केवळ हस्तांतरण सूचित होते. कायदा या दोहोंना अलग करतो आणि मग दोन्ही कसोट्या एकाच मोटारीला लावतो. नवी म्हणून आणावयाची तर ती कोठेही नोंदलेली नसावी. जुनी म्हणून आणावयाची तर ती फार जुनी नसावी.

या शब्दनिष्ठतेचे एक प्रसिद्ध उदाहरण मोटार नवी असली तरी येथे उद्धृत करण्याजोगे आहे. २००२ साली सचिन तेंडुलकर यांना फेरारी ३६० मोडेना ही मोटार भेट मिळाली. क्रीडास्पर्धेत ‘जिंकलेल्या’ वस्तूस सीमाशुल्कात सवलत होती, ‘भेट’ मिळालेल्या वस्तूस नव्हती. २००३ साली सवलत देण्याचे ठरताच सार्वजनिक वाद उत्पन्न झाला आणि अखेर शुल्क फियाट कंपनीने भरले. ‘जिंकणे’ आणि ‘मिळणे’ या दोन क्रियापदांतील अंतर त्या वेळी एक कोटी रुपयांहून अधिक किमतीचे ठरले.

६. जपानमधील तीन वर्षे

आता हाच काळ जपानच्या बाजूने पाहिला पाहिजे, कारण तीन वर्षे हा आकडा तेथेही आहे. जपानात १९५१ च्या रस्ते वाहतूक वाहन कायद्याखाली प्रत्येक मोटारीची ठराविक काळाने सक्तीची तपासणी होते. तिला ‘शाकेन’ म्हणतात. ‘वाहन’ आणि ‘तपासणी’ या अर्थाच्या दोन चिन्हांचा तो संक्षेप आहे. खाजगी मोटारीची पहिली तपासणी १९८३ पासून तीन वर्षांनी होते, त्यानंतर दर दोन वर्षांनी. दहा वर्षांहून जुन्या मोटारीला १९९५ पर्यंत दरवर्षी तपासणीस जावे लागे. तपासणीचा व तिच्याबरोबर येणाऱ्या करांचा खर्च मोठा असल्यामुळे, ती मुदत जवळ येताच गाडी विकून टाकण्याकडे मालकांचा कल असतो. या एका व्यवस्थेमुळे सुस्थितीतील लक्षावधी मोटारी जपानी लिलावांत येतात आणि न्यूझीलंडपासून पूर्व आफ्रिकेपर्यंतच्या उजव्या चक्राच्या देशांत पोचतात.

म्हणजे ज्या क्षणी जपानी मालक मोटार सोडावयास तयार होतो, जवळजवळ त्याच क्षणी भारताचे दार बंद होते. हे कोणी योजून केलेले दिसत नाही. दोन देशांनी दोन भिन्न हेतूंनी एकच आकडा निवडला, आणि त्या योगायोगाने जपानच्या निर्यातव्यापाराचा मुख्य प्रवाह भारताबाहेरून वाहिला.

ज्या मोटारींवर तरुणांचे मन बसले आहे, त्यांची स्थिती तर याहून बिकट आहे. स्कायलाइन जी. टी. आर. ची आर. ३२ ही आवृत्ती १९८९ साली निघाली, होंडा एन. एस. एक्स. १९९० साली, माझदा आर. एक्स. ७ ची अखेरची पिढी १९९१ साली आणि सुप्राची ए. ८० ही पिढी १९९३ साली. या मोटारींचे मोल त्या जुन्या आहेत म्हणूनच आहे. अमेरिकेने १९८८ च्या कायद्याने पंचवीस वर्षांहून जुन्या मोटारींना सुरक्षानियमांतून सूट दिली. तेथे वय वाढले की दार उघडते. कॅनडात हीच मर्यादा पंधरा वर्षांची आहे. भारतात वय वाढले की दार बंद होते, ते पुन्हा किंचित उघडते ते पन्नासाव्या वर्षी. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या ‘व्हिंटेज’ मोटारींची वेगळी नोंदणी सुरू झाली, तिच्या क्रमांकात ‘व्ही. ए.’ ही अक्षरे असतात, आणि अशी मोटार नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. आयातधोरणातही व्हिंटेज मोटारींसाठी निराळा मार्ग आहे. पण तीन आणि पन्नास या दोन आकड्यांच्या मधला सारा काळ सर्वसाधारण आयातदाराला बंद आहे, आणि जपानी स्पोर्ट्‌स मोटारींचा सुवर्णकाळ नेमका या मधल्या काळात पडतो.

तीन वर्षांच्या आतील मोटारीच्या बाबतीतही कागदपत्रांची एक सूक्ष्म अडचण आहे. जपानी तपासणीपत्रावर ‘प्रथम नोंदणीचे वर्ष व महिना’ असतो, उत्पादनाचा दिनांक नसतो. आपला कायदा मात्र उत्पादनापासून मोजतो. शिवाय जपानी शासकीय कागदांवर वर्ष बहुधा सम्राटाच्या कालगणनेत लिहिलेले असते. १ मे २०१९ रोजी ‘रेवा’ युग सुरू झाले. म्हणून रेवा ५ म्हणजे २०२३, आणि त्यापूर्वीच्या ‘हेइसेइ’ युगाचे तिसरे वर्ष म्हणजे १९९१. ज्यांनी हैदराबाद राज्यातील जुने दस्तऐवज वाचले आहेत आणि फसली सनात ५९० मिळवून इसवी सन काढला आहे, त्यांना हा व्यवहार नवा वाटणार नाही. परंतु तेथे चूक झाली तर एखाद्या नोंदीचा काळ चुकतो. येथे चूक झाली तर मोटार बंदरात अडकते. म्हणून उत्पादनाचा महिना कारखान्याच्या स्वतंत्र दाखल्याने सिद्ध करणे आवश्यक ठरते.

७. मुंबईपासून यवतमाळपर्यंत

या सर्व अटी पूर्ण करणारी मोटार मुंबईस उतरली असे समजू. पहिली पायरी सुटकेची. २०१३ च्या अर्थसंकल्पाने वापरलेल्या मोटारीवरील मूळ सीमाशुल्क १०० वरून १२५ टक्के केले. पुढे त्यावर समाजकल्याण अधिभार आला आणि बेरीज १३७.५ टक्के झाली. २०२५ च्या अर्थसंकल्पात मूळ शुल्क ७० टक्के करून उरलेला भाग कृषी अधिभाराच्या नावाखाली घेण्यात आला. नावे बदलली, बेरीज बदलली नाही. शंभर रुपयांची मोटार अशा रीतीने बंदरातच सुमारे दोनशे सदतीस रुपयांची होते आणि त्यानंतर या बेरजेवर एकात्मिक वस्तू व सेवा कर पडतो. हे सारे ज्या कागदावर नमूद होते त्यास ‘बिल ऑफ एंट्री’ म्हणतात. मोटारीचे भारतातील पहिले जन्मपत्र हेच होय.

दुसरी पायरी तपासणीची. पुण्यास किंवा अहिल्यानगरास मोटारीचे दिवे, रोध, धूर व इतर अंगे भारतीय नियमांच्या कसोटीवर पाहिली जातात. १ एप्रिल २०२० पासून भारतात धुराची ‘भारत टप्पा ६’ ही मानके आहेत आणि जपानची मानके त्यांहून निराळ्या पद्धतीने आखलेली आहेत. म्हणून जपानी प्रमाणपत्र येथे पुरेसे होत नाही.

तिसरी पायरी नोंदणीची. १९८८ च्या कायद्यानुसार मालक जेथे राहतो, व्यवसाय करतो किंवा मोटार सामान्यतः जेथे ठेवली जाते, त्या राज्यातील नोंदणी कार्यालयात ती नोंदवावयाची असते. म्हणून यवतमाळच्या रहिवाशास मुंबईहून तात्पुरत्या नोंदणीवर सुमारे सातशे किलोमीटरचा प्रवास करून ती येथे आणता येते. येथे राज्याचा मोटारकर भरावा लागतो; त्याचा मूळ कायदा १९५८ चा, म्हणजे विदर्भ मुंबई राज्यात येऊन दोनच वर्षे झाली होती तेव्हाचा. त्यानंतर क्रमांक मिळतो, आणि ज्याला आपण ‘पासिंग’ म्हणतो ते पूर्ण होते.

या तीन पायऱ्यांत एक तर्कसंगती आहे. पहिली पायरी परकीय चलनाच्या व देशी उद्योगाच्या चिंतेची वारस आहे. दुसरी भंगाराच्या चिंतेची. तिसरी १९१४ पासून चालत आलेल्या रस्त्यावरील सुरक्षिततेच्या मूळ कल्पनेची. इतिहासात जे क्रमाने घडले, ते मोटारीला एकाच प्रवासात भोगावे लागते.

८. एका शब्दाची किंमत

अडचण निर्माण होते ती लोकव्यवहारातील एकच शब्द या तिन्ही पायऱ्यांना झाकून टाकतो तेव्हा. ‘पासिंग झाले आहे’ असे म्हटले की ऐकणारा तिन्ही पायऱ्या पूर्ण झाल्या असे धरून चालतो. वस्तुतः नोंदणीपत्र हे नोंदणीचे प्रमाण आहे. मोटार कायदेशीरपणे देशात आली याचे ते प्रमाण नव्हे.

हा भेद किती महत्त्वाचा आहे हे अलीकडच्या एका प्रकरणाने दिसून आले. सप्टेंबर २०२५ मध्ये कोची येथील सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी केरळात ठिकठिकाणी तपास करून अनेक परदेशी मोटारी ताब्यात घेतल्या. भूतानमध्ये लिलावात निघालेली वाहने शुल्क न भरता भारतात आणून, निरनिराळ्या राज्यांत संशयास्पद कागदांवर नोंदवून विकली गेली, असा त्यांचा आरोप होता. या मोहिमेस ‘नुमखोर’ हे नाव देण्यात आले; भूतानी भाषेत त्याचा अर्थ वाहन. दुसरा मार्ग ‘कार्नेट’चा आहे. प्रवासी या कागदाच्या आधारे आपली मोटार तात्पुरती, शुल्क न भरता आणू शकतो, परंतु मुदतीत परत नेण्याच्या अटीवर. ती परत गेली नाही, तर तिचे येथील अस्तित्वच बेकायदेशीर होते.

अशी मोटार परराज्यातील नोंदणीसह यवतमाळच्या खरेदीदारापुढे येते, तेव्हा तिच्याजवळ क्रमांक असतो, नोंदणीपत्र असते आणि परराज्यातील कार्यालयाचे नाहरकत प्रमाणपत्रही असू शकते. एम. एच. २९ चा क्रमांक मिळाला, तरी मूळ दोष नाहीसा होत नाही. सीमाशुल्क कायदा, १९६२ अन्वये अवैधपणे आयात झालेला माल जप्त होऊ शकतो, मग तो आज कोणाच्या अंगणात उभा का असेना. विकणारा तोवर निघून गेलेला असतो; मोटार आणि तिची किंमत दोन्ही गमावतो तो शेवटचा खरेदीदार. म्हणून अशा मोटारीबाबत नोंदणीपत्रापूर्वी बिल ऑफ एंट्री मागावे, त्यावरील चौकटीचा क्रमांक मोटारीवरील क्रमांकाशी जुळवावा आणि उत्पादनवर्ष व बंदर यांची संगती पाहावी. वापरलेली मोटार मुंबईखेरीज अन्य मार्गाने आलेली दिसली, किंवा १९९० च्या दशकातील जपानी मोटारीवर अलीकडची आयात नमूद असली, तर ती असंगती स्वतःच पुष्कळ काही सांगते.

९. उपसंहार

वरील विवेचनावरून दोन निष्कर्ष काढता येतात. पहिला असा, की तीन वर्षांची मर्यादा तंत्रशास्त्राने ठरविलेली नाही. परकीय चलन, देशी उद्योग आणि भंगार या तीन चिंतांच्या थरांवर ती उभी आहे. यांतील पहिली चिंता आज पूर्वीइतकी तीव्र नाही, दुसरीचे रूप पालटले आहे, तिसरी अद्याप सार्थ आहे. मर्यादेचा फेरविचार व्हावयाचा असेल, तर तो या तीन चिंता अलग करून व्हावा. सुस्थितीतील, अल्प संख्येने आणली जाणारी, पंचवीस-तीस वर्षांची मोटार आणि शेकड्यांनी येऊन पडणारे भंगार यांना एकच शब्द लावल्याने धोरण सोपे होते, न्याय्य होतेच असे नाही.

दुसरा निष्कर्ष मराठीच्या अभ्यासकांसाठी आहे. शासनाने ‘परिवहन’, ‘सीमाशुल्क’, ‘नोंदणी’ असे शब्द दिले. लोकांनी ‘पासिंग’ आणि ‘सोडवणे’ हे दिले. पहिले शब्द अचूक असूनही तोंडी बसले नाहीत, दुसरे तोंडी बसले पण तीन क्रियांना एकत्र गुंडाळून गेले. ‘वयाने जुनी’ आणि ‘वापराने जुनी’, ‘सुटलेली’ आणि ‘पासिंग झालेली’ हे भेद रोजच्या मराठीत स्पष्टपणे बोलले जाऊ लागले, तर परिवहन कार्यालयाच्या दारात पुष्कळांचे नुकसान टळेल. वऱ्हाडातील न्यायालयीन व जकातविषयक कागदपत्रांत अशा भेदांची जुनी शब्दसंपत्ती दडलेली असण्याचा संभव आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी तिकडे लक्ष वळविल्यास ते काम केवळ कोशापुरते राहणार नाही.